डबीत न दिसलेली सुई

सकाळी साडेआठला लॅबचं शटर वर जातं तेव्हा पायरीवर कुणी ना कुणी उभं असतंच. हातात वर्तमानपत्रात, कॅरिबॅगेत नाहीतर रुमालात गुंडाळलेली डबी. लघवीची बाटली लोक बिनदिक्कत टेबलावर ठेवतात. शौचाची डबी मात्र नजर चुकवून सरकवतात. आधी जळगावात आणि पुढे धुळ्यात मिळून तीस वर्षं या बाईंनी ती डबी हातात घेतली. "नाव लिहा, वेळ लिहा," हे वाक्य त्यांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं असेल. नाव लोक लिहितात. वेळ कुणी लिहीत नाही. आणि वेळेचं महत्त्व खुद्द बाईंना उमगायलाही बरीच वर्षं गेली.

अमळनेरकडच्या एका खेड्यातली मुलगी, मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी., मग डीएमएलटी. काम ठरलेलं. डबीतला कण लूपने उचलायचा, प्लेटवर रेघा ओढायच्या, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मॅक्काँकी अगारवर गुलाबी ठिपके उठले तर ते लॅक्टोज खाणारे, बहुधा पोटातले नेहमीचे रहिवासी. फिके, बिनरंगाचे ठिपके दिसले की बाई खुर्ची पुढे ओढत. एक्सएलडीच्या प्लेटवर लाल वसाहतीच्या मध्यभागी काळा डोळा असेल तर साल्मोनेला. लाल आहे पण डोळा नाही, तर शिगेलाचा संशय. मग साखरेच्या नळ्या, मग सीरम. तिसऱ्या दिवशी रिपोर्टवर नाव चढे. नाव चढलं की आपलं काम संपलं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं. हा जिवाणू माणसाच्या पोटात शिरून नेमकं करतो काय, हा प्रश्न कॉलेजात पाच मार्कांना असे, आणि उत्तर एका शब्दात भागे: विष.

उत्तर अगदीच खोटं नव्हतं. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याच्या जिवाणूंचं द्रावण गाळून घेतलं, त्यात एकही जिवंत जिवाणू उरू दिला नाही, आणि ते पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं. आतडं पाण्याने तट्ट फुगलं. जिवाणू नसतानाही आजार उभा राहिला, म्हणजे करणी विषाची. डिप्थेरिया, धनुर्वात यांचीही गोष्ट साधारण तशीच. त्यामुळे पोट बिघडवणारा प्रत्येक जंतू आपापलं विष ओकतो आणि माणूस आजारी पडतो, हे चित्र डोक्यात पक्कं बसलं.

त्याला पहिला तडा लग्नसराईने दिला. खानदेशातली लग्नं एप्रिल-मेच्या उन्हात लागतात. मांडवात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, मोठ्या पातेल्यात बासुंदी, आणि पंगत उठेपर्यंत पारा चव्वेचाळीसवर. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला: 'वऱ्हाडाला विषबाधा'. डब्या एकदम वीस-पंचवीस यायच्या. सुरुवातीला बाई सगळ्यांना एकाच मापाने मोजत. मग त्यांच्या ध्यानात आलं की हे वऱ्हाड दोन तऱ्हेचं असतं. काही लोक जेवल्यावर दोन-तीन तासांत उलट्यांनी बेजार होतात आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत असतात. त्यांच्या डबीत फारसं काही सापडत नाही, कारण गुन्हेगार बासुंदीतच आपलं विष तयार करून मोकळा झालेला असतो. तो बहुतेकदा वाढप्याच्या बोटावरच्या जखमेतला स्टॅफिलोकॉकस. दुसऱ्या तऱ्हेचे लोक त्या रात्री निवांत झोपतात. त्यांना दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही पुढच्या दिवशी ताप भरतो, पोटात कळा येतात, जुलाब लागतात. त्यांच्या प्लेटवर काळे डोळे उठतात. तेव्हापासून बाई डबीबरोबर दोन प्रश्न विचारू लागल्या: जेवलात कधी, आणि सुरू झालं कधी?

अशाच एका वऱ्हाडाच्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "साल्मोनेला आलाय ना, मग याचं विष कोणतं?" बाईंनी पुस्तक उघडलं. पुस्तकात दीड परिच्छेद होता, गोलमाल. साल्मोनेलाच्या जुलाबांचं कोडं गाळलेल्या पाण्याने सुटत नव्हतं. तिथे जिवंत जिवाणू लागत होता आणि तो आतड्याच्या पेशीला जाऊन भिडावा लागत होता. पुढचं बाईंना माहीत नव्हतं. तसं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. "आत एंडोटॉक्सिन असतं सर," असं म्हणून वेळ मारून नेली. हे त्या आज हसत सांगतात, पण सांगतात.

खरं तर उत्तराची सुरुवात त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षांत होऊन गेली होती, फक्त फार लांब. १९९४ चा सप्टेंबर. सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि शहर रिकामं होऊ लागलं. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात खानदेशी माणसांची दाट वस्ती. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक गावातलं एखादं तरी घर तिथल्या लूमवर चालतं. उधन्याहून निघणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला येतो. त्या आठवड्यात गाड्या माणसांनी भरभरून येत होत्या आणि उतरणारा प्रत्येकजण तोंडाला रुमाल बांधून होता. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल बघता बघता संपल्या. किंचित ताप आला तरी लोक लॅबमध्ये येऊन "प्लेगची टेस्ट करा" म्हणत. लॅबमध्ये अशी कुठलीच टेस्ट नव्हती. मालकांनी थुंकीचे नमुने घ्यायचेच नाहीत असं बजावलं. बाई तेवीस वर्षांच्या होत्या. भीती वाटली होती हे त्या लपवत नाहीत. लाखो माणसं सुरत सोडून गेली. नोंदलेले मृत्यू पन्नाशीच्या घरात राहिले.

आणि त्याच वर्षी स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात हान्स वुल्फ-वाट्झ यांच्या गटाने प्लेगच्या जिवाणूच्या एका भावंडावर केलेलं काम छापून आलं होतं. भावंड हा शब्द उगाच वापरलेला नाही. प्लेगचा जिवाणू काही हजार वर्षांपूर्वी पोटात राहणाऱ्या, जुलाब आणि पोटदुखी घडवणाऱ्या एका यर्सिनियापासूनच फुटून निघाला. उमेओच्या लोकांनी तो पोटातला यर्सिनिया माणसाच्या पेशींबरोबर ठेवला आणि त्याचं योप-ई नावाचं एक प्रथिन कुठे जातं ते पाहिलं. ते सभोवतालच्या द्रवात सांडतच नव्हतं. ज्या पेशीला जिवाणू चिकटला, तेवढ्याच पेशीच्या आत ते पोचत होतं. शेजारची न शिवलेली पेशी कोरडी. म्हणजे जिवाणू विष ओकत नव्हता, टोचत होता. सुरतेहून पळालेली माणसं जळगावच्या फलाटावर उतरत होती तेव्हा त्या आजाराची सर्वांत आतली खूण नुकतीच हाती लागलेली होती. बाईंना हे कळलं दहा-बारा वर्षांनी.

ते कळलं एका चर्चासत्रात, दुपारच्या जेवणानंतरच्या पेंगुळत्या भाषणात. पडद्यावर एक करडं चित्र आलं. १९९८ मध्ये जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून साल्मोनेलातून सुटं करून काढलेलं यंत्र: खाली कड्यांचा दट्ट्या आणि वर निघालेली सरळ नळी. त्या गटातले होर्हे गालान पुढे याच यंत्राच्या अभ्यासात आयुष्य घालवणार होते. शेजारी बसलेल्या सहकारी बाई पुटपुटल्या, "अगं बाई, सिरिंजच की ही!"

आता खानदेशातल्या कुठल्याही दवाखान्यात बसलेल्या माणसाला सुईचं माहात्म्य सांगावं लागत नाही. "गोळ्या नका देऊ डॉक्टर, सुई टोचा," हा आग्रह बाईंनी शेजारच्या दवाखान्यातून भिंतीपलीकडून रोज ऐकलेला. जो टोचत नाही तो डॉक्टर कसला! त्यांना त्या अंधाऱ्या हॉलमध्ये हसू फुटलं. जी सुई पेशंट हट्टाने मागतो, ती त्याच्या आतड्यातल्या प्रत्येक चिकटलेल्या जंतूने आधीच टोचलेली असते.

सुई केवढी, तर बाहेर निघालेला भाग ५० नॅनोमीटरच्या आसपास. जिवाणू स्वतः साधारण दोन मायक्रोमीटर लांब, म्हणजे सुई त्याच्या लांबीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी. आपल्या लॅबच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसणं शक्यच नाही. तळाची कडी जिवाणूच्या दोन्ही आवरणांत रुतलेली, आणि नळी एकाच लहानशा प्रथिनाच्या शंभराहून जास्त प्रती गोल गोल रचून उभी केलेली. आतलं भोक दोन-अडीच नॅनोमीटरचं. त्यातून घडी घातलेलं प्रथिन मावतच नाही. म्हणून जिवाणू त्याची घडी उलगडतो, सुईत दोरा ओवावा तसं ते सरळ करून आत ढकलतो, आणि पलीकडे पेशीत पोचल्यावर ते पुन्हा आपली घडी घालून कामाला लागतं. नळीच्या टोकाशी असलेली आणखी काही प्रथिनं आधी पेशीच्या पडद्याला भोक पाडून देतात. सगळं यंत्र जिवाणूच्या शेपटीच्या, म्हणजे फ्लॅजेलमच्या, यंत्राशी नात्यातलं आहे. पोहण्याचं अवजार आणि टोचण्याचं अवजार एकाच घराण्यातलं.

टोचून पाठवतो काय, हा भाग बाईंना सर्वांत भावला. साल्मोनेला पेशीला मारायला पाठवत नाही. तो हुकूम पाठवतो. आपल्या पेशीच्या आत तिचा आकार सांभाळणाऱ्या धाग्यांचा सांगाडा असतो, आणि ते धागे कुठे बांधायचे, कुठे सोडायचे हे ठरवणारी बटणं असतात. सोप-ई नावाचं प्रथिन आत गेलं की ती बटणं चालू करतं. पेशीचा पडदा जागच्या जागी उसळतो, लाटांसारखा वर येतो आणि जिवाणूला कवेत घेऊन आत ओढतो. आतड्याची पेशी एरवी असं काही गिळत नाही. इथे ती स्वतःच्या हाताने चोराला घरात घेते. पडदा असा उसळतो हे ताकेउची यांनी गिनीपिगच्या आतड्यात १९६७ मध्येच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. का उसळतो, ते कळायला तीस वर्षं लागली.

आणि मग साल्मोनेला आवराआवर करतो. त्याच सुईतून एसपीटी-पी नावाचं दुसरं प्रथिन आलेलं असतं. ते तीच बटणं बंद करतं. उसळलेला पडदा निवतो, पेशी पूर्ववत दिसू लागते. दोन्ही एकाच वेळी पोचली तर एकमेकांना मारक ठरायची. त्यावर तोड अशी की सोप-ईला पेशीचं कचरा मोडणारं यंत्र झटपट मोडून टाकतं, एसपीटी-पी त्याहून जास्त वेळ टिकतं. कामगाराला किती वेळ ठेवायचं, हेही मालकाने ठरवून पाठवलेलं. २००३ चं हे संशोधन वाचताना बाईंना आपल्या लॅबमालकाची आठवण झाली. असो.

आत शिरल्यावर साल्मोनेला एका फुग्यात बसतो आणि तिथून दुसऱ्या संचाची सुई काढतो. तिचे हुकूम वेगळे: हा फुगा पचवू नका, इकडे खाणं पाठवा. टायफॉइडचा साल्मोनेला तर आपल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतच असा मुक्काम ठोकतो आणि त्यांच्यातून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा गाठतो. मुदतीचा ताप असं जुन्या लोकांनी म्हटलं ते उगाच नाही.

तान्ह्या बाळांना जुलाब घडवणारा ई. कोलायचा एक प्रकार याच्याही पुढचा. त्याला चिकटायला पेशीवर जागा हवी असते, ती पेशीकडे नसते. १९९७ मध्ये व्हँकूवरच्या ब्रेट फिनले यांच्या गटाने दाखवलं की तो ती जागा स्वतःच बरोबर आणतो. तीर नावाचं प्रथिन टोचून पेशीच्या पडद्यात बसवतो आणि मग त्यालाच धरून बसतो. खाली पेशी त्याला चौरंग करून देते. पंगतीला आलेल्या पाहुण्याने आपला पाट आपणच घेऊन यावा, आणि वर यजमानालाच तो मांडायला लावावा!

चर्चासत्राहून परतल्यावर बाईंच्या कामात लगेच काही बदललं असं नाही. डब्या येत होत्या, प्लेट लागत होत्या. फक्त प्लेटकडे बघताना एक खटका मनात राहू लागला. प्लेटवर जिवाणू सुखवस्तू असतात. खायला भरपूर, शिवायला कुणी नाही.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट घडायची. इनक्युबेटर ३७ अंशांवर लावलेला, आणि आतला थर्मामीटर ४१ दाखवायचा. पहिल्या वर्षी मेकॅनिकला बोलावलं. त्याने उघडून पाहिलं, बंद केलं आणि म्हणाला, "ताई, हे मशीन तापवतं, थंड करत नाही. खोलीच ४२ असेल तर ते बिचारं काय करणार?" ज्या वर्षांत भारनियमन बारा-बारा तासांवर गेलं होतं तेव्हा तर कहर. कूलरही बंद. मग ओलं गोणपाट, मडक्यातलं पाणी, आणि प्लेटा घेऊन मालकांच्या घरातल्या खालच्या खोलीत धाव. उत्तर ध्रुवाकडल्या पुस्तकात लिहिलेलं असतं की खोलीच्या तपमानाला ठेवा, म्हणजे थंड राहील. ते पुस्तक लिहिणारा जळगावात मे महिन्यात आलेला नसावा.

पण त्या ३७ अंशांचं रहस्यही सुईशीच जोडलेलं निघालं. शिगेला ३० अंशांवर वाढतो, नांदतो, पण टोचण्याची हत्यारं बनवत नाही. ३७ ला आला की ती जनुकं जागी होतात. १९८४ मध्ये छापलेलं हे काम. तिथे जिवाणूला ऊब म्हणजे पत्ता सापडल्याची खूण असते: आता आपण माणसाच्या आत आहोत. बाईंनी इतकी वर्षं ३७ हा आकडा आपल्या सोयीचा मानला होता.

जी गोष्ट त्यांना खरोखर हलवून गेली ती पावसाळ्यातली. धुळे तालुक्यातल्या एका गावात गॅस्ट्रोची साथ. गावात नळाला पाणी चार दिवसांआड येई. मधल्या काळात पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप आजूबाजूचं ओढून घेतो. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराशेजारी होता आणि पहिल्या पावसात तो काठोकाठ भरला होता. त्या गावातून पंधराएक डब्या आल्या. गावातून उपकेंद्रात, तिथून कुणाच्या मोटरसायकलवर, मग एसटीने शहरात: डबी पोचेपर्यंत सात तास. कुणाच्याच डबीवर वेळ नव्हती. प्लेट लावल्या, काही सापडलं नाही. 'रोगकारक जिवाणू आढळले नाहीत' असे पंधरा रिपोर्ट गेले. प्रत्येकावर बाईंची सही.

तीन दिवसांनी त्याच गावातून रक्ती आवेची पोरं दाखल होऊ लागली. तेव्हा बाई स्वतः उठल्या. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ, त्यात प्लेटा, आणि एसटी. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून त्यांनी ताजे स्वॅब जागच्या जागी प्लेटवर ओढले. एका आजीने चार वर्षांच्या नातवाला पुढे केलं. "पोट मुरडस आन रगत पडस, ताई," एवढंच बोलली. पोरगं रडतही नव्हतं. तीस वर्षांत डबीमागचं माणूस इतक्या जवळून बाईंनी पहिल्यांदा पाहिलं होतं. लॅबवाल्यांच्या वाट्याला ते सहसा येत नाही.

दोन दिवसांनी प्लेटवर शिगेला फ्लेक्सनेराय. आधीच्या पंधरा डब्यांतही तो असणारच. पण शौचाचा नमुना पडून राहिला की आंबतो, आणि शिगेला त्या आंबटपणात काही तासांत मरतो. डबीत मरणारा हा जंतू पोटात मात्र जठराच्या आम्लातून पार होतो, आणि आजार व्हायला त्याच्या दहा ते शंभर पेशी पुरतात. माठात बुडवलेला एक हात पुरतो. १८९७ च्या जपानमधल्या साथीत कियोशी शिगा यांनी हा जंतू शोधला; त्या साथीत नव्वद हजारांहून जास्त लोक आजारी पडले आणि वीस हजारांहून जास्त दगावले.

शिगेलाची कारागिरी अशी: तो आतड्याच्या अस्तरावरून समोरून हल्ला करत नाही. अस्तरातल्या काही खास पेशींतून खाली उतरतो आणि मागच्या दाराने, पेशीच्या बुडाशी, सुई लावतो. आत शिरल्यावर पेशीच्याच धाग्यांची शेपटी मागे लावून घेऊन धूमकेतूसारखा पळतो आणि भिंतीला रेटा देऊन शेजारच्या पेशीत घुसतो. बाहेर यावंच लागत नाही. आपली पेशी अगदीच गाफील असते असं मात्र नाही. तिच्या आत पहारेकरी प्रथिनं असतात, जी सुईच्याच घटकांना ओळखतात. २०११ मध्ये ही ओळख पटवणारी यंत्रणा उलगडली. ओळख पटली की पेशी आग लावून गजर करते, प्रसंगी स्वतःला संपवते. ती आग म्हणजेच कळा, ताप, रक्त.

त्या गावाला पुढे लाल कार्ड मिळालं. पाण्याच्या स्रोतांच्या धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देण्याची महाराष्ट्रात पद्धत आहे. व्हॉल्व्ह हलवला, टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती आली, पाण्यातल्या क्लोरीनची ओटी टेस्ट रोज होऊ लागली. बाईंनी लॅबमध्ये नियम केला: चार तासांहून जुना शौचाचा नमुना कल्चरला घ्यायचा नाही, आणि घ्यावाच लागला तर रिपोर्टवर किती तास जुना ते छापायचं. धंद्याला हे परवडत नाही, असं मालक म्हणाले. काही महिने भांडण चाललं. मग नमुना टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअरच्या नळ्या मागवल्या गेल्या.

टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीबद्दल बाई जास्त बोलत नाहीत, पण बोलल्या की तिखट. १८९६ ची ही रक्ततपासणी. खानदेशातल्या कुठल्याही खेड्यात ताप आला की दुसऱ्या दिवशी विडाल, आणि १:८० आलं की "टायफॉइड निघाला". खरं तर पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर जास्त भरवशाचं, आणि आपल्याकडे धडधाकट माणसाच्या रक्तातही जुन्या ओळखीच्या अँटिबॉडी फिरत असतात. बाईंनी अशा हजारो पट्ट्या ढवळल्या असतील. एक मुलगा वर्षभरात चारदा 'टायफॉइड'चा निघाला, चारदा सिप्रोफ्लॉक्सॅसिन खाल्लं, आणि शेवटी पोटाचा टीबी निघाला. त्याच्या फाइलमधल्या चारपैकी दोन रिपोर्टांवर बाईंची सही होती. ती फाइल लॅमिनेट केलेली होती, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

२०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइडची नवी लस टोचायची मोहीम काढली, तेव्हा बाईंनी कात्रण कापून ठेवलं. लाखाहून जास्त मुलं. सुईला सुईने उत्तर, अशी कोटी त्यांनी त्यावर लिहून ठेवली आहे.

या सगळ्यात त्यांचा सर्वांत लाडका शोध मात्र लॅबच्या फडताळातलाच आहे. टेट्राथायोनेट ब्रॉथ. पांढुरकं द्रावण, वापरायच्या आधी त्यात आयोडीन टाकायचं, की थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. गर्दीतून साल्मोनेला वेचून काढायचा असेल तर नमुना यात घालतात, बाकीचे मागे पडतात आणि साल्मोनेला फोफावतो. १९२३ पासून जगभरच्या लॅब हे वापरतात. तो यातच का फोफावतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. बाईंच्याही आलं नव्हतं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या आंद्रेआस बॉइम्लर यांच्या गटाने उत्तर दिलं. सुई टोचल्यावर आतड्यात आग भडकते. पांढऱ्या पेशी जळजळीत रसायनं सोडतात, आणि त्या रसायनांमुळे आतड्यातल्या थायोसल्फेटचं टेट्राथायोनेट होतं. साल्मोनेलाला ते श्वासासाठी वापरता येतं. शेजारच्या बहुतेक जिवाणूंना येत नाही. म्हणजे आग लावायची, आणि त्या आगीचा धूर फक्त आपल्याला मानवतो म्हणून मोकळी झालेली जागा बळकवायची. शंभर वर्षांपूर्वी बाटलीत जे आयोडीनने केलं, ते आजारी आतड्यात माणसाच्या पांढऱ्या पेशी करून देतात. ही गोष्ट वाचली त्या दिवशी बाईंनी फडताळातली बाटली काढून कितीतरी वेळ उजेडात धरली. शिकाऊ मुलींना वाटलं, मॅडम एक्सपायरी बघताहेत.

शिकाऊ मुली हल्ली बऱ्याच येतात. जळगाव, धुळे, शिरपूर, कुठून कुठून. त्यांना शिकवण्यासाठी फ्रिजमध्ये शिगेला फ्लेक्सनेरायची एक जुनी नळी होती. दर काही आठवड्यांनी नव्या अगारवर उतरवायची, जुनी नष्ट करायची. अशी कित्येक वर्षं. साखरेच्या नळ्या अगदी पुस्तकाप्रमाणे, सीरम घातलं की कण लगेच गोळा. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, याची सुई अजून असेल?" शिगेलाची सुई बनवायची जनुकं मूळ गुणसूत्रावर नसतात. ती एका मोठ्या प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून सुट्या असलेल्या डीएनएच्या कड्यावर असतात, हे १९८२ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. आणि लॅबमध्ये पुन्हा पुन्हा उतरवत राहिलं तर जिवाणू ते टाकून देतो. निरुपयोगी ओझं कोण वागवेल? तपासायची सोपी युक्ती म्हणजे काँगो रेड घातलेली प्लेट: प्लास्मिडवाल्या वसाहती रंग पिऊन लाल होतात, टाकून दिलेल्या पांढऱ्या राहतात.

रंगाची पुडी मागवली, प्लेट ओतल्या, रेघा ओढल्या, ३७ वर ठेवल्या. सकाळी मुली बाईंच्या आधी येऊन इनक्युबेटरपाशी उभ्या होत्या. प्लेटवर एकही लाल ठिपका नव्हता. दुधाच्या थेंबांसारख्या पांढऱ्याशुभ्र वसाहती, रेघेभर.

बाईंनी रजिस्टर उघडून त्या नळीची नोंद शोधली, तारखेसमोर 'काँगो रेड निगेटिव्ह' लिहिलं, आणि प्लेटा ऑटोक्लेव्हच्या जाळीत ठेवल्या. तोवर पायरीवर कुणीतरी रुमालात गुंडाळलेली डबी घेऊन आलं होतं. एक मुलगी पुढे झाली. "नाव लिहा," ती म्हणाली, "आणि किती वाजता घेतलं, ते आधी सांगा."